भुऱ्याची शिकवणी

आमचा भुऱ्या घरात गरीब गाय, पण रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला की थेट अंगावर जायचा. परवा त्याने शेजारच्यांच्या पिल्लाचा कान फाडला, तेव्हा मी आणि वहिनी प्रशिक्षक शोधायला लागलो.

पहिला म्हणाला, "रोज चार कुत्र्यांत सोडा, आपोआप निवळेल."

दुसऱ्याने बजावलं, "सहा महिने एकही कुत्रा त्याच्या नजरेस पडता कामा नये."

"भाऊजी, कुणाचं खरं मानायचं?" वहिनीने विचारलं.

तिसऱ्या बाई आल्या. त्यांनी आपली म्हातारी कुत्री फाटकाबाहेर लांब उभी केली आणि भुऱ्या तिच्याकडे कसा बघतो, ते अर्धा तास पाहिलं.

"रागीट आहे ना?" मी विचारलं.

"राग आहे की भीती, अजून कळलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघते. तोवर मुसकं बांधूनच बाहेर न्या."

वहिनीने त्यांनाच ठरवून टाकलं.

मी चक्रावलो. "अगं वहिनी, त्यांनाच काही कळलेलं नाही!"

"म्हणून तर," वहिनी म्हणाली, "त्याही आपल्यासारख्याच, कळलं नाही तर तसं सांगतात तरी."

मग आम्ही मुसकं आणायला निघालो. कुठल्या मापाचं, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.