उफणणीचा वारा

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. मुरबाडच्या बाजारातून ताराबाईंनी मला निवडून आणलं आणि शेणाने छान सारवलं. तेव्हापासून आमची जोडी जमली. त्यांनी तिवईवर उभं राहून मला उंच धरावं, हळूहळू धान्य सोडावं. वाऱ्याने भुसकट लांब न्यावं आणि जड दाणे पायाशी टाकावेत. "माज्या सुपासारखं सूप गावात नाय," असं त्या शेजारणींना ऐकवत. मीही फुगून जाई.

आमचं सगळं काम वाऱ्यावर. त्या जानेवारीत झोडलेली तूर खळ्यावर पडून होती आणि तीन दिवस झाडाचं पान हलत नव्हतं. चौथ्या दिवशी वारा सुटला. आभाळ मात्र मळकट, पांढुरकं दिसत होतं.

"आई, आज राहू द्या ना. डोळं चुरचुरतात," सून योगिनी म्हणाली.

"धुकं हाय गो ते! वारा काय रोज येतो?" असं म्हणत ताराबाई तिवईवर चढल्यासुद्धा.

मित्रांनो, ते धुकं नव्हतं. समुद्रापलीकडच्या वाळवंटात वादळ उठलं होतं. वाऱ्याने तिथेही उफणणीच केली. जाड वाळू जवळच टाकली आणि बारीक धूळ थेट आमच्या खळ्यापर्यंत आणली. मग त्या धुळीने हवामानच फिरवलं. तिने ऊन अडवलं, म्हणून जमीन तापली नाही. जमीन तापली नाही, म्हणून हवा वर चढेना आणि धूळ नाकातोंडापाशीच रेंगाळली. भर दुपारी गारठा पडला. हे सारं योगिनीने दुसऱ्या दिवशी मोबाइलवर वाचलं. पण तोवर उशीर झाला होता. आदल्या संध्याकाळीच ताराबाईंना धाप लागली, ओठ निळे पडले आणि रिक्षाने शहापूरला दवाखान्यात न्यावं लागलं.

आठ दिवसांनी त्या घरी आल्या. आता अंगणात चार पावलं टाकली तरी बसतात. मी खुंटीवर असतो आणि मला फार अपराधी वाटतं.

काल छान वारा आला. आभाळही निळं होतं. जन्मभर वाऱ्याची वाट पाहिलेल्या ताराबाई म्हणाल्या, "योगिनी, दार लाव गो. वारा आला."

"आज चांगला हाय, आई."

"असंल. तू लाव."

मित्रांनो, आभाळ मळकट दिसलं की तोंडाला फडकं बांधा, म्हाताऱ्या माणसांना घरात बसवा आणि मला खुंटीवरच राहू द्या. तूर दोन दिवस थांबली असती.