गाणं नसतं तिथं

गुप्त्यांनी रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात तिरपी केली, खिशातून भिंग काढलं आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर धरलं. दामाजी समोर खाटेवर बसून नुसता बघत होता. कळव्याच्या कोळीवाड्यातल्या त्या घरात चादरीवर अकरा रेकॉर्डी मांडलेल्या होत्या, सगळ्या इंग्रजी रॉकच्या आणि सगळ्या विलायतेत छापलेल्या.

गुप्ते नौपाड्यातले. नोकरी विमा कंपनीत आणि नाद असल्या रेकॉर्डींच्या पहिल्या छपाईचा. दुकानांत आता सीडी येऊ लागल्या होत्या, पण गुप्त्यांच्या लेखी त्या खेळण्यातल्या चकत्या. पहिली छपाई कुठली, ते त्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या आकड्यावरून कळतं. शेवटी एक असेल तर सोनंच. इथल्या प्रत्येक आकड्याच्या शेवटी एक होता. तिथेच गुप्त्यांच्या मनात पाल चुकचुकली. एवढा ऐवज कोळ्याच्या घरात आला कुठून?

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि दामाजीने तिसऱ्यांदा तेच सांगितलं. त्याचा मुलगा मारुती मालवाहू बोटीच्या इंजिनावर कामाला होता, बंदराबंदरातून रेकॉर्डी आणायचा. चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. खाडीच्या दमट हवेने आता कव्हरं बुरसटायला लागली होती. घरात कुणाला ते गाणं कळत नव्हतं, पण डोळ्यांदेखत कुजू द्यायचंही जिवावर येत होतं. कुणी वाजवणारा भेटला तर द्यायच्या होत्या. गुप्त्यांना हे जरा जास्तच सरळ वाटलं. विम्याचे दावे तपासण्यात त्यांची उमर गेली होती, आणि सरळ बोलणाऱ्यावर त्यांचा सगळ्यात कमी विश्वास होता.

मग भिंग जरा पुढे सरकलं आणि एक खूण दिसली. आकड्याच्या पलीकडे सुईने कोरलेला बारीक त्रिकोण, खाली तिरपी शेपटी. दुसरी रेकॉर्ड घेतली, तिच्यावरही तीच. तिसरीवरही, आणि पुढच्या सगळ्यांवरही. चोर पकडल्याचा आनंद गुप्त्यांच्या चेहऱ्यावर लपेना. कारण असा त्रिकोण त्यांच्या घरच्या एका रेकॉर्डवर होता. रेकॉर्ड घडवणाऱ्या इंजिनिअरची ती गुप्त सही, हजारात एखाद्या प्रतीवर मिळते, असं व्याख्यान त्यांनी मित्रांना आजवर कितीदा तरी दिलं होतं.

"ही खूण कुणी कोरली?"

"मारुतीनं."

"उगाच काहीतरी सांगू नका. ही इंग्लंडच्या इंजिनिअरची सही आहे. खरी माझ्या घरी आहे, एकच. तुमच्या अकराच्या अकरांवर कशी? कुणीतरी किंमत वाढवायला कोरून दिलीय."

दारात मासळीची पाटी धुणाऱ्या शेवंतीचा, दामाजीच्या बायकोचा, हात थांबला. दामाजी मात्र चिडला नाही. तो उठला, आढ्याला टांगलेल्या जुन्या जाळ्याचा एक लाकडी बोया सोडवला आणि गुप्त्यांच्या हातात ठेवला. लाकूड काळं पडलं होतं. त्यावर त्रिकोण होता, खाली तिरपी शेपटी.

"आमचे घरची निशानी हाय ती, साहेब. माज्या बापापासून. खाडीत सगल्यांची जाली एकत्र, म्हनून दर घराची येगली निशानी. बोटीवर पोरांच्या रेकॉर्डी मिसलायच्या, म्हनून यानं पन कोरली. गानं नसतं तितंच कोरली, बोल्ला."

गुप्त्यांनी बोया भिंगातून पाहिला, मग भिंग बाजूला करून पाहिला. शेवंती आत गेली आणि ट्रंकेतून एक रिकामं कव्हर घेऊन आली. एकंदर बारा होत्या, ती म्हणाली. मारुतीच्या उत्तरकार्याच्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती, तेव्हा यातली कुणीतरी नेली.

ते कव्हर गुप्ते चार वर्षं शोधत होते. ठाणे स्टेशनबाहेरच्या जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना ती त्रिकोणाची रेकॉर्ड उघडीच मिळाली होती, आणि तेव्हापासून ती खाकी कागदाच्या पाकिटात, कुलपात होती. खरी माझ्या घरी आहे, हे त्यांनी आताच स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. त्यांना भयंकर लाज वाटली. आता हा आपल्याला काय म्हणेल, याची ते वाट बघत बसले.

"तुमी दुकानातूनच घेतली असल," दामाजी म्हणाला. मग त्याने विचारलं, "वाजते का अजून?"

"लावली नाही कधी."

"का?"

"झिजते."

"मारुती तर रोज लावायचा तीच," शेवंती भिंतीकडे बघत म्हणाली. "मी वरडायची त्याला."

गुप्त्यांनी कव्हर उचललं आणि घरी नेऊ का म्हणून विचारलं. शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर गुप्त्यांना चांगली ओळखीची होती. आजवर ती त्यांनी दुसऱ्यांवर वापरली होती. त्यांनी भिंग पुसलं, वडिलांच्या वेळचं, कधी कुणाच्या हाती न दिलेलं, आणि बोयाशेजारी खाटेवर ठेवलं.

"हे इथे राहू दे. संध्याकाळी कव्हर भरून आणतो."

कव्हर छातीशी धरून ते रिक्षा बघायला निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत शेवंती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

"येल का ओ तो?" तिने विचारलं.

दामाजीचं लक्ष नव्हतं. त्याने कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेअरवरची चादर काढली होती आणि खांद्यावरच्या पंच्याने तो धूळ पुसत होता.