कवळीकाकांचं स्वीडिश

समोरच्या प्लॅस्टरच्या जबड्याला कवळीकाका तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगत होते, तेव्हा पॉलिशवालीने मशीन बंद केलं.

"काय सांगताय ते तुम्हाला आणि त्याला ठाऊक," ती म्हणाली. "पण चौथ्यांदा सांगितलंत तर चावेल हां तो."

काकांनी जबडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, दाढेच्या जागी राहिलेला बुडबुडा चाकूच्या टोकाने खरवडला आणि वाक्य अगदी साधं असल्याचं सांगितलं. आज धुकं फार आहे, बोट सोडू नका.

"इथून समुद्र किती लांब?"

"दोन दिवसांवर."

"मग नाही सोडायचा तो," असं म्हणून तिने मशीन पुन्हा चालू केलं.

दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या या खोलीत काका छत्तीस वर्षं कवळ्या बनवत होते. खाली डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घ्यायचे, ते वर यायचं, काका त्यात प्लॅस्टर ओतायचे. मग मेण, मग मेणात एकेक दात. शेवटी पॉलिशवाली कवळीला अशी चकाकी आणायची की घालणाऱ्याला विनाकारण हसावंसं वाटावं. ज्यांना दात दिले त्यांतले बहुतेक लोक काकांनी कधी पाहिलेच नव्हते. रस्त्यात कुणी तोंडभर हसलं की ते थांबून बघत, पण माणसाकडे नाही, हिरडीच्या रंगाकडे. त्यांच्या हातची कवळी इतकी चपखल बसायची की एक म्हातारबुवा कवळीसकट गेले, तर ते गेल्यावरही अर्धा तास कवळी हसत होती म्हणे. बुवांच्या सुनेनेच हे दवाखान्यात येऊन सांगितलं, तेव्हा खोटं कसं म्हणावं?

आता या खोलीची आणि स्वीडिशची सोयरीक जमली कशी, तेवढं सांगायला हवं.

काकांची बायको लेक नऊ वर्षांची असतानाच गेली होती. पुढे लेक शाळेतून सुटली की याच खोलीत, जबड्यांच्या फळीखाली बसून अभ्यास करायची. शिकली, स्वीडनला गेली, बस दुरुस्त करणाऱ्या एका उंच, अबोल माणसाशी तिने लग्न केलं आणि तिला एक मुलगी झाली. दर रविवारी दुपारी चारला तिचा फोन यायचा, समोरासमोर दिसणारा. नात तिकडचं बोलायची, काका इकडचं, आणि लेक मधे बसून दोन्हीकडचा माल उतरवून घ्यायची. त्यात लबाडीही करायची. काका म्हणत, "नीट जेवत जा गं." लेक ते कसं पोचवायची कोण जाणे, पण नात हसून हसून खुर्चीवरून घसरायची.

दीड वर्षापूर्वी लेक गेली. आजारपण सगळं तीन आठवड्यांचं. जावयाचा फोन आला तेव्हा काका खालच्या कवळीत दात बसवत होते. चार राहिले होते, ते बसवले. हात धुतले, खाली गेले आणि उद्या थोडा उशीर होईल, असं डॉक्टरांना सांगितलं. उशीर झाला नाही. जायची कागदपत्रं हातात पडेपर्यंत तिकडचं सगळं उरकलंही होतं. रडू येईल म्हणून त्यांनी पहिला आठवडा वाट पाहिली, मग महिनाभर पाहिली. बधिर करायची सुई दिलेला पेशंट जसा अधूनमधून ओठाला बोट लावून बघतो, तसे तेही बघायचे. ओठ आपलाच, पण आतून निरोप येत नव्हता. भूक लागायची, झोपही लागायची. काम तर आधीपेक्षा नीट व्हायला लागलं होतं.

रविवारचा फोन जावयाने चालू ठेवला. पण मधली खुर्ची रिकामी होती. नात समोर बसायची, काकांकडे एकटक बघायची, काकाही बघायचे. चार मिनिटं, कधी पाच. मग जावई तोडक्या इंग्रजीत बरं आहे ना विचारायचा आणि फोन ठेवायचा. एकदा काकांनी भाषांतर करणारं यंत्र लावून पाहिलं. काका बोलले, आणि फोनमधून कुणा अनोळखी बाईचा गोड आवाज नातीशी स्वीडिशमध्ये बोलायला लागला. नात उठून निघून गेली. त्यानंतर काकांनी यंत्राला हात लावला नाही.

मग जावयाचा निरोप आला. फोन झाला की मुलगी संध्याकाळपर्यंत गप्प असते, तिला त्रास होत असावा, काही काळ फोन थांबवू या. काकांनी तो दोनदा वाचला. उत्तर लिहिलं, की नातीचा आठवा वाढदिवस रविवारीच येतो आहे, आठ महिन्यांवर. तोवर राहू दे. त्या दिवशीही ती बोलली नाही, तर तू बंद कर, मी वाईट वाटून घेणार नाही. शेवटचं वाक्य खरंच होतं. वाईट वाटण्याचं दुकान बंदच होतं.

जावई बरं म्हणाला. तर असे हे आठ महिने.

आधी पुस्तक आणलं. जुन्या पुस्तकवाल्याकडे स्वीडिशचं एकच होतं, मागचं पान फाटलेलं. आधीच्या मालकाने एकतिसाव्या पानापर्यंत पेन्सिलीने अर्थ लिहिले होते, पुढे सगळं कोरं. बाराव्या पानावर नातेवाइकांचे शब्द होते. तिकडे आईच्या वडिलांना वेगळा शब्द आहे, मूरफार. फोड केली तर नुसतं आई आणि बाप. काकांनी त्या दिवशी पुस्तक तिथेच मिटलं आणि उरलेला दिवस मेण तापवण्यात घालवला.

मग ऐकायचं पुस्तक मिळवलं. एका दीपगृहावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट, वाचणाराही म्हाताराच, खर्जातला. काका कानात फोनची बोंडं घालून काम करायचे. पण पॉलिशच्या मशीनच्या घरघरीत शब्द पळायचे, म्हणून खाली पेशंटना नंबराच्या चिठ्ठ्या देणाऱ्या मुलीकडून त्यांनी वाचणाऱ्याचा वेग कमी करून घेतला. तरी पळतात म्हणून आणखी कमी. अकरा तासांची गोष्ट अशी सतरा तासांची झाली आणि ती त्यांनी नऊ वेळा ऐकली. त्यामुळे झालं काय, की त्यांना सीलची पिल्लं, कंदिलाची वात, दोरखंडाच्या गाठी आणि बुडून मरण्याचे सहा प्रकार हे सगळं स्वीडिशमध्ये सांगता येऊ लागलं. सायकल मात्र येत नव्हती. त्या गोष्टीत सायकल नव्हतीच.

एक स्वर काही केल्या जमेना. ओठ शीळ घालण्यासारखे आणि जीभ दातांशी. दुसऱ्या कुणी आरसा घेतला असता. काकांनी स्वतःच्या तोंडाचा साचा काढला, दोन्ही जबडे टेबलावर उघडून ठेवले आणि मेणाची जीभ करून त्यात कुठे बसते ते बघू लागले. चार दिवस जीभ इकडची तिकडे.

"काका," पॉलिशवाली म्हणाली, "बोलणारी तोंडात आहे. टेबलावर आहे ती मुकी."

तरी तो स्वर आलाच, पाचव्या दिवशी. त्या आठवड्यात खोलीतून गेलेल्या कवळ्या घालणाऱ्यांना फुंकर न मारताच चहा गार लागायचा, अशी तक्रार आल्याचं पॉलिशवाली शपथेवर सांगते.

पुढे कानातली बोंडं बिघडली. काका मोठ्याने लावू लागले आणि दुपारची गाणीही सुरू झाली. एका स्वीडिश गायिकेची, संथ, बर्फावरून कुणी पाय न उचलता चालतंय अशी. वाक्य कुठे चढतं आणि कुठे उतरतं ते काकांना गाण्यांनी शिकवलं. ते स्वतः गात नसत, ओठ तेवढे हलवत. गायची पॉलिशवाली. अर्थ ठाऊक नसल्यामुळे ती बिनधास्त गायची, आणि एका गाण्याच्या धृपदावर तर तिचं मशीन ठेका धरायचं. त्या गाण्यात काय आहे, असं तिने एकदा विचारलं. काका म्हणाले, एक बाई घर आवरते आहे. एवढंच? एवढंच. तिने मशीनवरची धूळ फडक्याने पुसली आणि म्हणाली, मला वाटलंच होतं.

रविवारचे फोन चालूच होते, पण काकांनी अवाक्षर बाहेर काढलं नाही. अर्धवट दात कुणी पेशंटच्या तोंडात घालतं का? आधी पूर्ण कवळी, मग तोंड. ही धंद्याची शिस्त, आणि तीच त्यांनी भाषेला लावली. आठ महिने दोघं तशीच समोरासमोर बसली, नात बघत आणि काका मनातल्या मनात क्रियापदं चालवत.

वाढदिवसाच्या रविवारी दवाखाना बंद होता. काका वर आले, टेबल पुसलं, फोन उभा केला. साडेतीनला पॉलिशवाली आली. डबा विसरले होते म्हणाली. डबा तिच्या हातातच होता. ती कोपऱ्यात स्टुलावर बसली, फोनमध्ये दिसणार नाही अशी.

"पहिलं वाक्य कुठलं?" तिने विचारलं.

काकांनी सांगितलं. वाढदिवसाचं अभिनंदन. मग, आज मी एका म्हाताऱ्या बाईला अठ्ठावीस दात दिले. तुझे किती पडले?

"आज कुठे दिलेत? आज रविवार."

"बाई, व्याकरण बरोबर आहे."

चारला फोन लागला. नात टेबलाशी बसलेली, मागे जावई मेणबत्त्या आणि बशा आवरत होता. नातीने नेहमीसारखं एकटक बघायला सुरुवात केली. काकांनी घसा साफ केला आणि बोलले.

आता नऊ वेळा ऐकलेल्या त्या गोष्टीचा मार बघा. दीपगृहावरचा म्हातारा ज्या चालीने सतरा तास बोलला, त्याच चालीने काका बोलले. एकेक शब्द जणू गुडघे धरून जिना चढत होता. मागे जावयाच्या हातातली बशी तशीच राहिली. नातीचे डोळे मोठे झाले. तिने भराभर काहीतरी उत्तर दिलं, आणि काकांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. माणसाच्या वेगाचं स्वीडिश त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

कोपऱ्यात डब्याचं झाकण वाजलं.

नातीने थोडा विचार केला. आजोबांकडे असंच बोलत असतील, असं तिला वाटलं असावं. तिने आवाज खाली उतरवला आणि तीही तशीच, जिना चढत, बोलली. "पाच. पडले."

काकांना कळलं. त्यांनी मान हलवली. पाच म्हणजे नवे यायला लागले असतील, असं काहीतरी त्यांनी जुळवून म्हटलं. तिने तोंड उघडून दाखवलं. त्यांनी विचारलं, की दुखतं का? नाही. शाळेत जातेस का? हो. जावई बशा खाली ठेवून आतल्या खोलीत गेला. मागे नळ सुरू झाला. काकांनी दोन वाक्यं आणखी टाकली, एक चुकलं, ते दुरुस्त केलं. आठ महिन्यांची मेहनत बैलगाडीच्या वेगाने का होईना, मुक्कामाला पोचत होती.

तेवढ्यात नात म्हणाली, "मूरफार. तू गप्प बसशील का?"

काकांना वाटलं, आपण कुठलातरी शब्द चुकीचा ऐकला. तिने पुन्हा, आणखी हळू सांगितलं. रागावून नाही, लहान मूल मोठ्याला खेळाचे नियम समजावून देतं तसं.

"आधी तू गप्प बसायचास ना. तेव्हा तुझं तोंड मम्मासारखं दिसायचं. बोललास की दिसत नाही."

प्रत्येक शब्द कळला. एकही निसटला नाही.

पॉलिशवालीने कोपऱ्यातून हाताने विचारलं, काय म्हणाली? काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. नातीला हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओठ ठेवायचे कसे, ते क्षणभर त्यांना सुचेना. हजारो तोंडं मिटवून बघितलेला माणूस, वरचे दात खालच्यावर किती टेकवायचे हे केसाच्या अंतराने सांगणारा, पण स्वतःच्या तोंडापाशी अडला. मग ते आपोआप मिटलं, नेहमी मिटत असेल तसं. नातीने खुर्ची पुढे ओढली आणि हनुवटीखाली दोन्ही हात घेतले.

तिचं तोंड जरा उघडं होतं. वरचा एक नवा दात अर्धाच बाहेर आला होता, आणि तो किंचित वळून येत होता, शेजाऱ्याच्या कानात काही सांगायला निघाल्यासारखा. लेकीचा तोच दात तसाच होता. तार लावून सरळ करू, असं डॉक्टर दोन वर्षं म्हणत राहिले, पण तिने ऐकलं नव्हतं. काका त्या दाताकडे बघत राहिले. त्यांच्यापाशी आता त्याच्यासाठी शब्द होते, दोन भाषांतले. त्यांनी ते जिभेखाली ठेवले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पॉलिशवालीने डबा मांडीवरून खाली ठेवला, तोही आवाज न करता.

तिकडे नळ बंद झाला. जावई हात पुसत बाहेर आला. त्याने पडद्यावरचा म्हातारा बघितला, हलत नाही, बोलत नाही. मुलगी बघितली, तीही तशीच. बोलणं संपलं असं त्याला वाटलं असेल, किंवा फोन अडकला असं. तो वाकला आणि बंद करायला त्याने बोट पुढे केलं.

नातीने पडद्यावरची नजर न काढता त्याचा हात बाजूला केला.