तिसरी रेघ

पँटला टाचण्या टोचलेल्या असल्या की माणूस पळून जात नाही. हा शोध मॅनेजरबाईंचा. मास्तर तीस वर्षं त्या मोठ्या दुकानात लोकांच्या पायांशी बसून कपड्यांची उंची कमी करत होते, पण इतकी साधी गोष्ट त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती. त्यांच्या ध्यानात यायचं ते वेगळंच. कोणाचा एक पाय आखूड आहे, कोण पोट आत ओढून उभा आहे, कोणाचा बूट दोनदा शिवलेला आहे, असलं. धंद्याची अक्कल देवानं ज्याला द्यायची त्यालाच दिली होती.

दुकानाचं म्हणणं असं, की प्रत्येक गिऱ्हाइकानं दुकानाचं उधारीचं कार्ड घ्यावं. कार्ड घेतलं की पहिल्या खरेदीवर सूट, सेलच्या दिवशी इतरांच्या आधी एक तास आत प्रवेश, आणि कपड्यांचं अल्टरेशन फुकट. आता गंमत अशी, की अल्टरेशन पूर्वी सगळ्यांनाच फुकट होतं. मग एके दिवशी त्याला दर लावला आणि कार्डवाल्यांना तो माफ केला. म्हणजे तुमचीच टोपी काढून घ्यायची आणि सत्कार म्हणून तीच परत तुमच्या डोक्यावर ठेवायची. लोक खूश होते. माफी कसलीही असो, मिळाली की माणसाला बरं वाटतं.

पण बिलाच्या काउंटरवर फॉर्म पुढं केला की लोक "नंतर बघू" म्हणून सटकत. मास्तरांच्या कोपऱ्यात ती सोय नव्हती. तिथं वीतभर उंचीचा लाकडी चौथरा, समोर तीन पानांचा आरसा, आणि चौथऱ्यावर टाचण्यांनी जखडलेला माणूस. हलला की टोचणार. शिवाय खाली गुडघ्यांवर बसलेला पांढऱ्या केसांचा माणूस अदबीनं सांगतोय, की याचे पैसे पडतील, पण कार्ड घेतलंत तर पडणार नाहीत. पायाशी बसलेल्याला नाही म्हणणं जड जातं. मॅनेजरबाईंनी हे एका दुपारी उभ्या उभ्या पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात फळा लागला. रोज तीन फॉर्म. एका फॉर्मला एक रेघ. संध्याकाळी सहाच्या आत तीन रेघा.

मास्तर म्हणाले, "मॅडम, मी शिंपी माणूस. मला असलं बोलायला जमत नाही."

"म्हणूनच तर तुमच्याकडे दिलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतं?"

बाई काही वाईट नव्हत्या. त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी फळा घेऊन बसलं होतं. ज्या शाखेत रेघा कमी, तिथला अल्टरेशनचा कोपरा बंद, असा हुकूम वरून आला होता, आणि तो त्यांनी मास्तरांना आडपडदा न ठेवता सांगितला. अठ्ठावन्न वर्षांचं वय, सुईत दोरा ओवायला वेगळा चष्मा, घरी गुडघेदुखीनं अंथरूण धरलेली बायको. कोपरा गेला असता तर मास्तरांना दुसऱ्या दारात कोणी उभं केलं नसतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मास्तरांना पाय धरायची निदान सवय तरी होती. पहिल्या आठवड्यात त्यांची जीभ अडखळली. तिसऱ्या आठवड्यात अडखळायची थांबली.

मास्तरांना एकच बहीण, दहा वर्षांनी धाकटी. घरात तिला चिमी म्हणत, आणि पन्नाशीला टेकली तरी ती चिमीच राहिली. तिच्या नवऱ्यानं हप्त्यांवर स्कूटर घेतली होती, जामीन म्हणून हिची सही. त्याच स्कूटरवर तो गेला. स्कूटर भंगारात गेली, नवरा मातीत गेला, हप्ते तेवढे जिवंत राहिले. चार वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री करून चिमीनं ते फेडले. शेवटचा हप्ता भरून ती आली, त्या दिवशी मास्तरांनीच तिच्याकडून वचन घेतलं होतं, की मला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. चिमीनं कानाला खडा लावला. पुढं बारा वर्षं, खोलीच्या भाड्याचा कागद असो की दवाखान्याचा, ती तो घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाहून भावाकडे यायची आणि विचारायची, "दादा, करू ना सही?" मास्तर चष्मा लावून शब्दन् शब्द वाचायचे, एखादी ओळ दोनदा वाचायचे, आणि मग म्हणायचे, "कर."

त्या संध्याकाळी चिमी दुकानात आली ती पाकिटात पैसे घेऊन. लॉन्ड्रीत तिला इस्त्रीवरून काउंटरवर घेतलं होतं आणि मालकानं बजावलं होतं, की जरा बऱ्या कपड्यांत येत जा. तिनं लांब निळा कोट निवडला. ती पडद्यामागे तो घालून बघत होती, तेवढ्यात मॅनेजरबाई कोपऱ्यात डोकावल्या.

"मास्तर, साडेपाच झाले. दोनच आहेत."

"बघतो, मॅडम."

"बघू नका, करा. या महिन्यात चार दिवस चुकलेत तुमचे. पाचव्या दिवशी मला झाकता येणार नाही."

त्या गेल्या आणि चिमी बाहेर आली. कोट तिला सुरेख बसला होता. खांदे, कंबर, सगळं जिथल्या तिथं. फक्त उंची दोन इंच जास्त. ती चौथऱ्यावर चढली, मास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी खालून टाचण्या लावायला घेतल्या.

"याचे वेगळे पैसे पडतात का रे?" तिनं विचारलं. पाकिटात कोटापुरतेच होते.

ते पैसे मास्तर स्वतःच्या खिशातून देऊ शकले असते. फार नव्हतेच. घरी नेऊन रात्रीत कोट करून देऊ शकले असते. ही गोष्ट आपण विसरू नये. मास्तरही पुढं कधी विसरले नाहीत.

"कार्ड घेतलंस तर नाही पडत," ते म्हणाले. "वर कोटावर सूट."

"उधारीचं कार्ड?"

"आज घ्यायचं, उद्या पैसे भरून टाकायचे आणि कात्रीनं कापायचं. सगळे तसंच करतात."

सगळे तसं करत नव्हते. एकानंही केलं नव्हतं, आणि ते मास्तरांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. चिमी थोडा वेळ आरशात बघत राहिली. कोट बघायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ. मग तिनं विचारलं, "दादा, करू ना सही?"

फॉर्म चार पानी होता. अक्षर मुंगीएवढं. चष्मा खणात होता आणि खण हाताच्या अंतरावर होता.

"कर," मास्तर म्हणाले.

टेबल जवळ नव्हतं आणि टाचण्यांमुळे तिला खाली उतरता येत नव्हतं. तिनं वाकून कागद भावाच्या पाठीवर पसरला आणि सही केली. शर्टातून पेनाचं टोक मास्तरांच्या पाठीवर फिरलं. चिमीचं नाव बरंच लांब आहे, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं. मग ते उठले आणि त्यांनी फळ्यावर तिसरी रेघ ओढली.

कार्ड कापलं गेलं नाही. पाकिटातले पैसे हातात राहिले, आणि हातात राहिलेल्या पैशांना पाय फुटतात. एक दाढ काढावी लागली, त्यात गेले. मग दुकानाची पत्रं यायला लागली. "आदरणीय ग्राहक, खास आपल्यासाठी." चिमीला आयुष्यात कोणी आदरणीय म्हटलं नव्हतं. सेलच्या सकाळी दार उघडायच्या आधी, कार्डवाल्यांच्या रांगेत निळा कोट घालून ती उभी असायची, आणि आत शिरताना कोपऱ्याकडे बघून हात हलवायची. मास्तरही हलवायचे. सहा महिन्यांनी लॉन्ड्रीत मशीन आलं आणि तिचे सहा दिवसांचे तीन दिवस झाले. तिनं भावाला ते सांगितलं नाही. रोख होतं ते कार्डाच्या हप्त्यात जायला लागलं, आणि दुकानाच्या तळमजल्यावरून पीठ, साबण, चहा यायचा तो कार्डावर. मास्तर भेटले की विचारायचे, "बरं चाललंय ना?" ती म्हणायची, "झकास." त्याच्या पुढचं विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून मास्तरांनी विचारलं नाही.

सव्वा वर्षानं एका संध्याकाळी ती तो निळा कोट घालूनच कोपऱ्यात आली.

"सैल व्हायला लागलाय रे. कमरेत आत घेऊन दे. फुकट आहे ना अजून?"

"आहे ना," मास्तर हसून म्हणाले. "कापड सैल पडतं कधीकधी."

कापड सैल पडत नाही. तसलं ते कापडच नव्हतं. त्यांनी कमरेला टेप लावला. मग काढून पुन्हा लावला. मापं लिहून ठेवायची त्यांना गरज नसे, एकदा घेतलेलं माप डोक्यात राहायचं. साडेतीन इंच कमी. मास्तरांनी कोट मुठीत धरला तर आत बहीण कुठं आहे हे शोधावं लागत होतं.

"चिमे, जेवतेस ना?"

"जेवते की."

"काल काय जेवलीस?"

चिमी आरशातल्या भावाकडे बघत म्हणाली, "कार्ड भरलं, दादा. त्यावर आता पीठसुद्धा देत नाहीत. तसं काही नाही, दुपारी एकदा होतं खाणं."

मास्तरांचे हात थांबले. त्यांना वाटलं, आता हिनं आपल्याला शिव्या द्याव्यात, आरडाओरडा करावा, आणि सगळ्या दुकानानं तो ऐकावा.

"माझ्यामुळं झालं हे," ते म्हणाले. "तू विचारलंस आणि मी न वाचता 'कर' म्हणालो. माझी रेघ भरायची होती."

"माहितेय मला."

"काय माहितेय?"

"पडद्यामागे होते ना मी. भिंतीला कान असतात, पडद्याला नसतील? पाचव्या दिवशी झाकता येणार नाही म्हणाल्या त्या बाई. आणि हा फळा दिसत होता आरशात. अक्षरं उलटी दिसतात, ती नाही वाचता आली. पण रेघा काय, कुठूनही मोजा. दोनच होत्या."

"मग विचारलंस कशाला? करू ना सही, म्हणून?"

चिमी जरा हसली. लहानपणी चोरून गूळ खाताना सापडली की हसायची तशीच.

"वाटलं, तू नको म्हणशील," ती म्हणाली.

मास्तरांनी दोन्ही बाजूंनी कोट आत घेतला, टाचण्या लावल्या आणि ते खाली बसले. कंबर आत घेतली की खालचा घेर वर जातो, उंची पुन्हा बघावी लागते. तोंडात चार टाचण्या धरून ते खालची दुमड सोडवत होते, तेवढ्यात मॅनेजरबाईंचे बूट दिसले.

"मास्तर, पावणेसहा. दोनच." मग त्यांनी चौथऱ्याकडे पाहिलं. "या तर आपल्या जुन्या कार्डवाल्या. लिमिट भरलंय का, ताई? वाढवून मिळेल. फॉर्म आहे, आजच्या आज चालू होईल. शिवाय पुढच्या सेलला दोन तास आधी प्रवेश."

"मॅडम, नको," टाचण्या हातात काढून घेत मास्तर म्हणाले. "ती माझी बहीण आहे."

"मग तर सोपंच आहे की," बाई म्हणाल्या. त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

"पैसे वाढले म्हणजे पीठ मिळेल ना आज?" चिमीनं विचारलं.

"काहीही मिळेल, ताई."

"आणि यांची रेघ धरतात का, लिमिट वाढवलं तर?"

"धरतात."

"चिमे, नको," मास्तर म्हणाले. "मी बघतो काहीतरी. ऐक माझं. नको करू."

तो शब्द सव्वा वर्षं उशिरा आला होता. मास्तरांकडे बघण्यासारखं काय होतं, हे चिमीला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. कोपरा होता तोवर पगार होता, आणि तीन रेघा होत्या तोवर कोपरा होता. तिनं हात पुढं केला आणि बाईंनी त्यात फॉर्म आणि पेन दिलं.

कागद पाठीवर टेकला. मास्तर उठू शकले असते. पण उठले असते तर त्या टाचण्या तिच्या अंगात घुसल्या असत्या, असं त्यांनी नंतर स्वतःला सांगितलं. ते तसेच वाकून राहिले. तिनं विचारलं नाही. पेनाचं टोक पाठीवर फिरायला लागलं, आणि ते लांबलचक नाव संपेपर्यंत त्यांनी हलायचं नाही असं ठरवलं, म्हणजे अक्षर बिघडून दुसरा फॉर्म भरावा लागणार नाही.

सही झाली तरी ते उठले नाहीत. मॅनेजरबाईंनीच खडू घेतला आणि फळ्यावर तिसरी रेघ ओढली.