फॉर्मवर नसलेला रकाना

व्हर्लीननं फॉर्म टेबलावरून लव्हेलकडे सरकवला, पण पेन मात्र स्वतःच्याच हातात धरून ठेवलं.

"द्या की पेन, मिस व्हर्लीन," तो म्हणाला. "का या वेळी अंगठा हवाय?"

ती हसली, पण हसू काही टिकलं नाही. दहा वर्षांपूर्वी गावच्या याच आरोग्य केंद्रात, याच खुर्चीवर बसलेल्या चोवीस वर्षांच्या लव्हेलला एचआयव्ही असल्याचं तिनंच सांगितलं होतं. पोरगा पार हादरून गेला होता. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हाच फॉर्म पुढे केला. संबंधांआधी जोडीदाराला आजाराबद्दल सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे हे मला समजलं, एवढाच मजकूर. खाली त्याची सही आणि साक्षीदार म्हणून तिची.

"नुसती औपचारिकता आहे रे बाळा," ती म्हणाली होती.

पुढे सरकारी वकिलानं तोच कागद कोर्टात फडकवला. लव्हेलनं आपल्याला काहीच सांगितलं नव्हतं, असं त्याची मैत्रीण बिनसल्यावर म्हणाली. तिला लागण झाली नव्हती. त्याच्या गोळ्या चोख चालू होत्या, रक्तात विषाणू सापडतही नव्हता. पण कायद्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. सांगितलं की नाही, एवढंच त्याला हवं होतं.

आणि लव्हेलनं सांगितलं होतं. व्हर्लीनला ते पक्कं ठाऊक होतं, कारण तिला सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आईनं केलेला लिंबाचा केक घेऊन केंद्रात आला होता.

"सांगून टाकलं तिला! आधी रडली, मग म्हणाली, जेवून जा."

दोघांनी उभ्याउभ्याच केक खाल्ला. त्या आनंदात व्हर्लीनचं नोंद करायचं राहून गेलं. करणार तरी कुठे? फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. कोर्टात तिनं हे सगळं सांगितलं, तेव्हा सरकारी वकिलानं शांतपणे विचारलं, "फाइलमध्ये आहे का हे?" जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरायचं, हे नव्या नर्सना तीच शिकवायची. ती "नाही" म्हणाली. लव्हेलला आठ वर्षांची शिक्षा झाली.

आता सुटून आल्यावर नवी फाइल, म्हणून पुन्हा फॉर्म. बाहेर रेडिओवर राजधानीतला वाद चालू होता. हा कायदा काढला तर लोकांचं रक्षण कोण करणार, असं एक आमदार तावातावानं विचारत होता.

"बदलतील कायदा," लव्हेल म्हणाला, "माझे दात पडले की."

त्यानं तिच्या हातातून पेन घेतलं आणि सही करून टाकली. मग शर्टाच्या खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढून त्यातले दोन कागद तिच्यासमोर ठेवले. वर नोटरीचा शिक्का होता.

"ओडेट. बाहेर ट्रकमध्ये बसलीये. लग्न करतोय आम्ही. साधा हातात हात घेण्याआधी तिला नोटरीकडे नेलं आणि लिहून घेतलं, यानं मला सगळं सांगितलंय म्हणून." तो हसला. "असं प्रेम करतं का हो कुणी?"

व्हर्लीननं वाचलं.

"तिला इथं आणायचंस ना. या वेळी मी नक्की लिहिलं असतं रे."

"माहीत आहे."

त्यानं चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"चुकलं माझं, लव्हेल."

त्यानं खिडकीतून बाहेरच्या ट्रककडे बघितलं.

"केक छान होता पण तो," तो म्हणाला. मग त्यानं एक कागद तिच्याकडे सरकवला. "ही नक्कल तुमच्या फाइलला. मूळ कागद माझ्याकडे राहील. नक्कल मिळाली, एवढं त्याच्या मागे लिहा. तारीख आणि सही."

तिनं मूळ कागद उलटा केला. हात तसाच थांबला. लव्हेलनं पेन तिच्यापुढे धरलं.

"नुसती औपचारिकता आहे, मिस व्हर्लीन," तो अगदी हळू म्हणाला.

तिनं सही केली. लव्हेलनं कागद उचलला, तारीख आणि नाव बोट ठेवून वाचलं, कागद जपून पाकिटात घातला आणि मगच टोपी उचलली.