न उमटलेली वलये

भिंतीवरचा लेसरचा लाल ठिपका तसाच राहिला. काळ्या पडद्यांनी कोंडलेल्या खोलीत स्टॅबिलायझरची गुणगुण तेवढी उरली होती. नीरजाचे मार्गदर्शक दामले सर यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. ठिपका वाटोळा, एकटा, निर्विकार.

दाराशी केदार उभा होता. एके काळी तो याच टेबलावर नीरजाबरोबर संशोधन करीत असे; आता औंधच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बसून, नवे सहस्रक उजाडण्याआधी परदेशी बँकांच्या संगणकांतल्या तारखा दुरुस्त करीत होता. त्याच कंपनीसाठी तिचा नोकरीचा अर्ज न्यायला तो आला होता.

“वलयं आली नाहीत,” सर अखेर म्हणाले. “चला, सुटलो. सोमवारी संगणक येतायत, त्यांना खोली हवीच आहे. विभागप्रमुखांना तसं कळवतो.”

“येऊ नयेत म्हणूनच ही काच लावलीय, सर,” नीरजा म्हणाली.

दोन काचांमधल्या फटीत द्रवस्फटिक होता. त्याचे लांबट रेणू, मंडईतल्या टोपलीत शेवग्याच्या शेंगा रचाव्यात तसे, एकाच दिशेने निजलेले. हा दुबळा लेसर एरवी त्यांना हलवू शकत नाही. त्यांत किंचित निळा रंग मिसळला, की मात्र ते वळतात. आणि वळलेल्या रेणूंतून पार झालेला प्रकाश भिंतीवर वलये उमटवतो. नीरजाने ती पहिल्यांदा दाखवली, तेव्हा सर म्हणाले होते, “रंग प्रकाश पितो आणि तापतो. ऊन लागलं की तूपही पातळ होतं. प्रबंध कशावर लिहिणार, तुपावर?”

त्या एका वाक्याशी ती तेव्हापासून भांडत होती.

“हा दुसरा निळा आहे,” ती म्हणाली. “पहिल्याइतकाच प्रकाश पितो. मीटर बघा. म्हणजे तापतोही तितकाच. उष्णतेचं काम असतं, तर वलयं इथेही यायला हवी होती.”

सर मीटरवर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

“पहिली काच लाव.”

तिने लावली. ठिपका थरथरला, फुगला, आणि विसरलेले काही आठवत जावे तशी त्याच्यातून वलयामागून वलये उलगडत गेली.

“मग वळवतं कोण?” केदारने विचारले.

“रंगाचाच रेणू. प्रकाश प्यायला की तो पूर्वीचा राहत नाही. शेजाऱ्यांशी त्याचं वागणं बदलतं, आणि शेजारी वळतात.”

“याला उदाहरण आहे आमच्याकडे,” सर केदारकडे न पाहता म्हणाले. “एक जण औंधला गेला, मागोमाग अख्खी बॅच.”

केदार हसला, पण त्याची नजर खाली गेली.

“एका जोडीनं काही सिद्ध होत नाही, नीरजा,” सर आता तिच्याशीच बोलत होते. “आणखी रंग हवेत. प्रत्येकाची वेगळी काच, वेगळं मोजमाप. वर्ष जाईल, आणि शेवटी तू चुकलीस की मी, ते आज सांगता येत नाही. करणार असशील तर आत्ता जाऊन खोली मागतो. पण मधेच सोडलीस, तर शोभा माझी होईल.”

“मागा, सर.”

सर गेले. जाताना, बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून, पडदा त्यांनी जपून ओढून घेतला.

वलये अजून भिंतीवर होती. केदार जवळ आला.

“अर्जाचा आज शेवटचा दिवस आहे,” तो म्हणाला. “नोकऱ्यांची ही लाट वर्षभर थांबणार नाही. उद्या हेही खोटं निघालं, तर हातात काय राहील? माझं ऐक. साहेबांना मी काय सांगू?”

नीरजाने कोऱ्या काचांचा ट्रे उचलला. रेणू नीट निजावेत म्हणून काचा एकाच दिशेने घासण्यासाठी ठेवलेला मखमलीचा तुकडा खांद्यावर टाकला, कोपराने पडदा सारला आणि काचा धुवायला व्हरांड्याच्या टोकाच्या नळाकडे ती चालू लागली.