पाच ड्राइव्ह आणि दोन जावई

मत्सर हा आपला दुर्गुण आहे असं थोरल्या जावयाला कधी वाटलंच नाही. तो त्याला आपला अंदाज म्हणायचा. धाकटा जावई घरात आला त्याच दिवशी याच्या पोटात दुखू लागलं, आणि त्याने मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस काही बरा नाही. माणूस तसा फार बरा होता, खरी अडचण तीच होती.

धाकटा येण्याआधी सासुरवाडीत थोरल्याचा शब्द खाली पडत नसे. तो एका मोठ्या वाचनालयातली कॉम्प्युटरं सांभाळायचा, त्यामुळे सासरी ज्या वस्तूला म्हणून वायर असेल ती त्याच्या अखत्यारीत यायची. सासरे निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. या गृहस्थांनी उभं आयुष्य बेडकांचे आवाज गोळा करण्यात घालवलं होतं. लग्नानंतर हौसेने फिरायला नेलं ते दलदलीत, हे सासूबाई अजून चारचौघांत सांगायच्या, आणि मास्तर त्यावर त्या दलदलीत किती जाती होत्या ते सांगायचे.

ते सगळे आवाज मास्तरांनी टेपवरून सीडीच्या डिस्कवर उतरवले होते आणि टेपा टाकून दिल्या होत्या, कारण डिस्कच्या डब्यावर शंभर वर्षांची हमी छापली होती. हमी छापणारा कुठे गेला देव जाणे, पण डिस्कवरचा चमकता थर आताच उडायला लागला होता. आज वाजलेली डिस्क पुढच्या ऋतूत वाजेलच याचा भरवसा नव्हता. म्हणून थोरल्याने सासऱ्यांना एक मशीन बांधून दिलं. काळा उंच डबा, त्यात डिस्क वाचणारे एकावर एक पाच ड्राइव्ह, आणि डिस्कवरचा आवाज उचलून हार्डडिस्कवर ठेवणारा एक प्रोग्राम. पाचही ट्रे एकदम बाहेर आले की सासूबाई म्हणायच्या, आला बाई हा जेवायला. मास्तर त्याला रोज भरवायचे. क्रम त्यांचा ठरलेला, एकेक जात घ्यायची आणि मध्येच उडी मारायची नाही. कॉलेजमागच्या तळ्यातल्या बेडकाची डिस्क रांगेत पार मागे होती. ते तळं बुजवून तिथे गाड्या लावायची जागा झाली होती आणि तो बेडूक पुन्हा कुठेच कोणाला ऐकू आला नव्हता. तिचा नंबर आधी लावा, असं थोरल्याने एकदा सुचवलं, तर मास्तर म्हणाले, लाडक्याला आधी वाढायचं हा पक्षपात झाला.

आणि मग कानामागून आली नि तिखट झाली, तसा धाकटा आला. काचेच्या इमारतीत नोकरी, ताडमाड उंची, आणि सासूबाईंना हसवायचं अंग. थोरला आला की त्याला गादीची खुर्ची मिळायची आणि ट्रेमधून पाणी यायचं. धाकट्याला मात्र मास्तर सरळ स्टुलावर चढवायचे, बल्ब बदलायला लावायचे आणि बल्ब नीट बसला नाही की झापायचे. यात मान कोणाचा, हे थोरल्याला ठरवता येईना. खुर्चीत बसून तो स्टुलाकडे बघत राहायचा आणि घरी जाताना बायकोला म्हणायचा की तुझ्या वडिलांना माणसांची पारख उरलेली नाही.

एका रविवारी थोरला गावाबाहेर असताना धाकट्याने मशीनला हात घातला. जुनी यंत्रणा धोक्याची आहे म्हणून त्याने मास्तरांच्या देखत सगळी अपग्रेड केली. कर्नेलही, म्हणजे त्या यंत्रणेचा अगदी गाभा, नवा टाकला. मशीन सुरू झालं, स्क्रीन देखणी झाली, आणि प्रोग्राम म्हणाला, ड्राइव्ह सापडला नाही. दिवे लागत होते, ट्रे आतबाहेर होत होते, पण प्रोग्रामच्या लेखी पाचातला एकही घरात नव्हता. धाकट्याने संध्याकाळपर्यंत डोकं आपटलं. शेवटी धाकट्याच्या बायकोने थोरल्या बहिणीला फोन केला. ती बातमी ऐकून थोरल्याला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून तो परस्पर तिकडे गेला. स्कूटर लावता लावताच त्याला दुखणं कळलं होतं. प्रोग्रामला ड्राइव्हशी बोलायला मधला एक छोटा ड्रायव्हर लागतो. जुना कर्नेल तो आपणहून जागा करायचा, नवा सांगितल्याशिवाय करत नाही. सांगायचं म्हणजे एक ओळ टाइप करायची. थोरल्याने ती केली आणि पाचही ड्राइव्ह ओळीने हजर झाले. मास्तरांचा चेहरा असा उजळला की थोरल्याला आपल्या लग्नातही तो तसा दिसल्याचं आठवेना.

काम खरं तिथे संपलं नव्हतं. ती ओळ मशीन चालू आहे तोवरच खरी. बंद करून सुरू केलं की तो ड्रायव्हर पुन्हा झोपणार. कायमचा इलाज हवा तर मशीन सुरू होताना वाचते त्या फाइलमध्ये त्याचं नाव लिहून ठेवायचं. दोन अक्षरी नाव, लिहायला कितीसा वेळ लागतो? थोरल्याने फाइल उघडलीसुद्धा. मागे मास्तर धाकट्याला सांगत होते की शीक जरा यांच्याकडून, आणि धाकटा मान डोलावत होता. ते शब्द थोरल्याच्या कानात मधासारखे उतरत होते. नाव लिहिलं की उद्यापासून मशीन बिनबोभाट चालणार, आणि आपल्याला कोण बोलावणार? गरज सरो, वैद्य मरो. त्याने फाइल तशीच बंद केली.

नव्या कर्नेलचा काही नेम नाही, पुन्हा ड्राइव्ह गेले तर मला फोन करा, दुसऱ्या कोणी हात लावू नका, असं त्याने बजावलं. नेमकं काय केलंत ते दाखवा ना, असं धाकटा म्हणाला, तेव्हा ती मोठी कहाणी आहे, पुन्हा केव्हातरी, असं म्हणून त्याने स्कूटरची किल्ली उचलली.

वीज जायची, फोन यायचा. थोरला हातातलं काम टाकून धावायचा. एका ओळीत काम झालेलं दिसलं तर किंमत राहणार नाही, म्हणून तो आधी डब्याचे स्क्रू काढायचा, आत फुंकर मारायचा, एखादी केबल काढून परत लावायचा, कपाळावर आठ्या आणायचा आणि मग अंगाने स्क्रीन झाकून ती ओळ लिहायचा. सासूबाई चहा घेऊन मागे उभ्या असायच्या. बायको बहिणीशी बोलताना आमचे हे, आमचे हे करू लागली. ते दिवस थोरल्याचे होते. धाकट्याची त्याला दयासुद्धा यायला लागली, आणि दया येते म्हणजे आपला स्वभाव मुळात मोठा आहे, अशीही त्याने स्वतःची समजूत करून घेतली.

मग फोन यायचा थांबला.

आधी त्याला वाटलं, वीज गेली नसेल. पण तिकडची वीज गेल्याचं मेहुणी बोलता बोलता म्हणाली, आणि तरी फोन नाही. आठवडे उलटले. आता त्याला एकच दिसत होतं, धाकट्याने ती फाइल शोधली, तिच्यात ते नाव लिहिलं, आणि मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत. जेवताना ते दिसायचं, दात घासताना दिसायचं. वाचनालयात तो एका गरीब प्रिंटरवर इतका ओरडला की वाचणारे माना वर करून बघू लागले. तुझ्या वडिलांच्या मशीनचं कसं काय, असं त्याने बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, तिसऱ्यांदा. ती म्हणाली, तुमचं आणि त्या मशीनचं एकदा लग्नच लावून देते, म्हणजे सुटेन मी.

शेवटी सासऱ्यांची शिडी बरेच दिवस आपल्याकडे पडून आहे हे निमित्त करून तो गेला. आत शिरताच त्याने खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं. मशीनवर जुनी चादर घातलेली होती आणि चादरीवर एक कुंडी ठेवलेली होती.

"बंद आहे होय?" त्याने विचारलं.

"मीच बंद ठेवलंय," मास्तर म्हणाले. "वीज जायची आणि तुम्ही काम टाकून धावत यायचात. वाचनालयात तुम्हाला बोलणी बसत असतील. जावयाला राबवायचं तरी किती? म्हटलं, आता पुरे."

मग धाकट्याला सांगायचं होतं, असं थोरला म्हणाला. मास्तर म्हणाले की सांगून पाहिलं, पण तो हात लावायला तयारच झाला नाही. दादांनी हातात घेतलेलं काम आहे, त्यात मी लुडबुड करणार नाही, असं म्हणाला.

थोरल्याने कुंडी उचलून खाली ठेवली, चादर काढली, मशीन सुरू केलं. या वेळी स्क्रू काढले नाहीत की फुंकर मारली नाही. फाइल उघडून त्याने ते दोन अक्षरी नाव लिहिलं, मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पाचही ड्राइव्ह आपणहून हजर झाले. आता कधी जाणार नाहीत, तो म्हणाला. मास्तरांनी लहान मुलासारखे हात चोळले आणि थांबलेल्या रांगेतली पुढची डिस्क आणली. ती तळ्यातल्या बेडकाची होती.

डिस्क फिरू लागली, मंदावली, पुन्हा जोरात फिरली, पुन्हा मंदावली. थोरल्याने ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, मग तिसऱ्या. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि बहुतेक वेळा बाहेरच्या कडेने मरते, म्हणून सुरुवातीचा एक तुकडा तेवढा निघाला. त्यात तरुण मास्तरांचा आवाज होता. कॉलेजमागचं तळं, वारा पडलेला, पाणी काठापर्यंत, असं ते सांगत होते. पुढे खरखर, आणि मग काहीच नाही.

"थंडीत, मशीन बंद ठेवलं तेव्हा, मी ही लहान प्लेअरवर लावली होती," मास्तर म्हणाले. "तेव्हा सगळी वाजली होती."

तेवढ्यात धाकटा भाजीच्या पिशव्या घेऊन आला. काय झालं ते ऐकून त्याने पिशव्या तिथेच टाकल्या, त्यातली भाजी सांडली तरी बघितलं नाही, डिस्क मऊ फडक्याने पुसली, वेग अगदी कमी करून पाचही ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. दोघे साडू खांद्याला खांदा लावून बसले होते, पहिल्यांदाच. काही निघालं नाही. मास्तर ती डिस्क घेऊन बाहेर ओसरीत जाऊन बसले.

धाकट्याने सहज म्हणून ती फाइल उघडली आणि वाचली.

"लिहिलंत शेवटी," तो हळूच म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं होतं, दादा. पण तुम्हाला बोलावलं की तुम्ही किती खुशीत यायचात. मला वाटलं, राहू दे. तुमचं ते एक आहे, ते कशाला घ्या." मग तो उठत म्हणाला, "बाबांना तुम्ही काही सांगू नका. अपग्रेड मी केलं, त्यातून हे झालं, असं मी सांगतो. खोटंही नाही ते."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इतके दिवस आपण स्क्रू काढत होतो, फुंकर मारत होतो, आणि हा मागे उभा राहून आपल्याला खेळू देत होता. ज्याची आपल्याला दया येत होती त्यालाच आपली येत होती. आणि आता हा बाहेर जाणार, दोष स्वतःकडे घेणार, मास्तर त्याला झापणार आणि तासाभराने माफ करणार, आणि मोठेपणाही यालाच मिळणार. खरं बोलावं असं थोरल्याच्या मनात मुळीच नव्हतं, आपण उगाच त्याला साधू करायला नको. एवढं तरी याच्या वाट्याला जाऊ द्यायचं नाही, इतकंच होतं. धाकट्याला हाताने बाजूला सारून तो ओसरीत गेला.

"बाबा, त्या मशीनचा कायमचा इलाज मला पहिल्याच दिवशी माहीत होता," तो म्हणाला. "मी मुद्दाम केला नाही. तुम्ही मलाच बोलवावं म्हणून."

मास्तरांनी डिस्क बोटात धरली होती. उजेडाकडे केली की कडेला थर उडालेला स्पष्ट दिसत होता. धाकटा दारात येऊन उभा राहिला आणि काही बोलू लागला, तेव्हा मास्तरांनी त्याच्याकडे न बघताच त्याला हाताने थांबवलं. त्यांची नजर थोरल्यावर होती.

"तळं बुजवलं तेव्हापासून तो बेडूक माझ्या भरवशावर होता," ते म्हणाले. "मी तुमच्या भरवशावर होतो."

दारातल्या माणसाचा त्या बोलण्याशी काही संबंध नव्हता. तो भरवसा त्याच्यावर कधी नव्हताच, पहिल्या दिवसापासून तो एकट्या थोरल्यावर होता. थोरल्याला हवं होतं ते एवढंच, आणि त्याने आत वळून बघितलं तर धाकटा खाली बसून सांडलेली भाजी पिशवीत भरत होता.